मोठ्या फोटोग्राफरचं वर्कशॉप, फी २४ हजार. करावं का?

गंगापूररोडकर
नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. डिसेंबरमध्ये आपल्या नाशकात एका खूप नावाजलेल्या फोटोग्राफरचं अडीच दिवसांचं वर्कशॉप आहे (नाव मुद्दाम टाकत नाहीये, नाहीतर सगळी चर्चा त्यांच्यावरच जाईल). फी २४ हजार, जेवणखाण आपलं आपण. एक पहाट रामकुंड आणि गंगेवर (म्हणजे आपल्या गोदावरीवर), एक सकाळ नांदूरमध्यमेश्वरला पक्ष्यांसाठी आणि एका संध्याकाळी सगळ्यांचे फोटो बघणार. मी नोकरी सांभाळून फोटो काढते, क्रॉप सेन्सरची (लहान सेन्सरची) बॉडी आहे, १८-१४० ची झूम लेन्स आणि एक ५० ची प्राइम (झूम न होणारी). सरांचं काम मला कॉलेजपासून आवडतं, पण खरं कारण २०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा आहे. बारा वर्षांनी येतो, २०१५ ला माझ्याकडे कॅमेराच नव्हता, यावेळी मनापासून काम करायचंय आणि नुसते जटा-भस्माचे फोटो नकोयत. घरचे म्हणतात एवढ्यात थोडे टाकून चांगली सेकंडहँड टेलिफोटो (लांबचं जवळ दाखवणारी लेन्स) येईल. तुम्ही काय कराल?

पाणपक्षी
ताई नांदूरमध्यमेश्वरसाठी तर अजिबात पैसे भरू नका. ते आपल्या घरचं आहे, निफाड तालुक्यात, सकाळी लवकर निघालं की उजाडायला पोचतो आपण. २०२० मध्ये रामसार यादीत (जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) आल्याचं जाहीर झालं, राज्यातलं पहिलं पाणथळ, तेव्हापासून गर्दी वाढलीय पण थंडीत चापडगावच्या बाजूला अजूनही निवांत बसता येतं. आणि बसणं हेच तिथलं काम आहे हो, वीस जण ट्रायपॉड घेऊन बांधावरून चालायला लागले की चक्रवाकांची जोडी तुम्ही शटर स्पीड लावेपर्यंत पार पलीकडच्या बेटावर गेलेली असते. उडता पक्षी हवा तर शटर स्पीड १/२००० सेकंदाच्या आसपास ठेवा, त्यासाठी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढवायला घाबरू नका, तिथल्याच एखाद्या गाईड पोराला सोबत घ्या, कुठला पक्षी कुठे उतरतो ते त्याला पाठ असतं. माझं मत लेन्सला.

मेनरोडवाला
लेन्सचं मला पटत नाही. सिंहस्थात माणसं काढायचीत त्यांना, पक्षी नाही, आणि गर्दीत टेलिफोटो सांभाळणं म्हणजे ताप.

वर्कशॉपचं सांगतो. मी दोन मोठ्या लोकांची केलीत, दोन्ही बाहेरगावी. एकात सरांनी पहिला अर्धा दिवस स्वतःचे पुरस्कार आणि स्लाइड दाखवल्या, मग फील्डवर आमच्यासोबत असिस्टंट, सर आपले सेल्फी देण्यात बिझी. दुसऱ्या बाईंनी मात्र पहिल्याच संध्याकाळी सांगितलं की निवडलेले फोटो नका दाखवू, अख्खं मेमरी कार्ड लावा. मी एका चहावाल्याचे ओळीने बरेच फ्रेम काढले होते. त्या सगळे एकेक करून हळूहळू बघत गेल्या आणि एका ठिकाणी थांबल्या, म्हणाल्या इथे तो माणूस तुमच्याकडे बघायचं सोडून परत त्याच्या कामाला लागला, खरा फोटो इथून सुरू होतो आणि तुम्ही इथेच कॅमेरा खाली घेतलाय. मग डाव्या कोपऱ्यातली लाल प्लॅस्टिकची बादली दाखवली, ती प्रत्येक फ्रेममध्ये होती, अर्धं पाऊल उजवीकडे सरकलं असतं तर गेली असती. हे यूट्यूबवर मिळत नाही हो, कारण यूट्यूबवाल्याने तुमचं कार्ड बघितलेलं नसतं. पैसे या एका गोष्टीचे.

म्हणून आयोजकांना फोन लावा आणि सरळ विचारा, माणसं किती घेणार, सर स्वतः पूर्ण वेळ आहेत का, आणि प्रत्येकाचे किती फोटो बघणार. गोलमाल उत्तर आलं तर समजून जा.

पंचवटीतला
मी रामकुंडापासून हाकेच्या अंतरावर वाढलो, मला वेगळंच बोलायचंय आणि जरा कळकळीने बोलतोय. पहाटेचं रामकुंड म्हणजे ब्रोशरमध्ये सोनेरी ऊन आणि दिवे, पण तिथे रोज लोक अस्थी घेऊन आलेले असतात, दहाव्याचे विधी चाललेले असतात, कोणाचा बाप गेलाय कोणाची आई. डोकं भादरून ओल्या पंच्याने बसलेल्या पोराच्या तोंडासमोर पाच-सहा लेन्स आल्या की तो मान खाली घालतो, काही बोलत नाही, बोलायची ताकदच नसते. असे ग्रुप आम्ही बघतो आणि वाईट वाटतं.

तेव्हा ताई तुम्ही गेलात तर सर काय शिकवतात यापेक्षा ते स्वतः तिथे कसे वागतात ते बघा. कॅमेरा वर करायच्या आधी नजरेने का होईना विचारतात का, बाजूला बसून गुरुजींशी दोन शब्द बोलतात का, एखादा फोटो समोर दिसत असूनही सोडून देतात का. सिंहस्थासाठी हेच लागणार आहे. पर्वणीच्या (मुख्य स्नानाच्या) दिवशी कुंडापर्यंत साध्या माणसाला पोचताच येत नाही, बॅरिकेड आणि पास. तुमचं काम आधीचे कित्येक दिवस तपोवनात साधुग्रामला होईल, चूल पेटवणारे, राहुट्या ठोकणारे, गावाहून पायी आलेल्या म्हाताऱ्या. शैव आखाडे त्र्यंबकला कुशावर्त कुंडावर असतात, वैष्णव इथे, तर दोन्हीकडे आत्तापासून जायला लागा, ओळखी होतील. ओळखीशिवाय तिथे जटा-भस्मच मिळणार.

गंगापूररोडकर
पंचवटीतला, मनापासून आभार, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. फोन केला होता. १८ जण घेणार, सर दोन्ही सकाळी स्वतः असतील, फोटो बघायचं सेशन दोन तासांचं आणि प्रत्येकाचे पाच फोटो, निवडून आणायचे. अख्खं कार्ड बघायला वेळ नाही म्हणाले. रामकुंडाच्या परवानगीचं विचारलं तर म्हणाले ती पब्लिक प्लेस आहे मॅडम.

मेनरोडवाला
दोन तास म्हणजे १२० मिनिटं भागिले १८, तुमच्या वाट्याला सात मिनिटंसुद्धा नाहीत. २४ हजारात. मी नाही भरणार.

सिडको_फोटोवॉक
एक राहिलं, बाकीच्या सतरा जणांचे फोटो बघतानाही तुम्ही तिथेच असता, दुसऱ्याच्या फोटोवरची टीका जास्त नीट ऐकू येते कारण आपण स्वतःला वाचवत नसतो. त्यामुळे ते दोन तास वाया नाहीत. पण दोन तासांसाठी अडीच दिवसांची फी कशाला? आयोजकांना म्हणा फक्त संध्याकाळच्या सेशनला बसू द्या, त्याचे वेगळे पैसे घ्या. बऱ्याचदा ऐकतात, खुर्ची टाकायला त्यांना काय जातंय.

गंगापूररोडकर
हे बेस्ट आहे, आजच मेल करते. आणि "पब्लिक प्लेस आहे मॅडम" ऐकल्यावर त्या पहाटेला त्यांच्यासोबत जायची इच्छाच गेलीय, सर कितीही आवडते असले तरी. पंचवटीतला, दादा, तपोवनात कोणाला भेटून सुरुवात करू ते सांगाल का? येत्या रविवारी कॅमेरा न घेता येते.

पंचवटीतला
या की. सकाळी आठला कपिला संगमाजवळ थांबतो, तिथे दोघातिघा महाराजांशी माझं बोलणं आहे. चहा तिथेच घेऊ.