नाताळच्या सुट्टीत डिस्ने वर्ल्ड: सोबत आई-बाबा आणि चार वर्षांची मुलगी, आखणी कशी करावी?

शार्लटकर:
नमस्कार मंडळी. नाशिकहून आलेले आई-बाबा (बाबा ७१, आई ६६), आम्ही दोघं आणि चार वर्षांची मुलगी (उंची १०४ सें.मी.) असे पाच जण ऑरलँडोच्या डिस्ने वर्ल्डला जायचं म्हणतोय. शाळेची सुट्टी २० डिसेंबरला सुरू होते. २६ ते ३० डिसेंबर, शार्लटहून गाडीने, चार दिवसांत चारही पार्क असा कच्चा बेत आहे. आईचे गुडघे दुखतात, सलग अर्धा तास उभं राहणं जमत नाही. दोघंही शाकाहारी आहेत, अंडंही चालत नाही. विचारायचं आहे ते असं: या तारखांना जावं का, राहावं कुठे, लाइटनिंग लेन (पैसे देऊन राइडच्या आखूड रांगेतून जायची सोय) घ्यावी का, आणि आईला रांगेत काही सवलत मिळते का?

टाम्पाकर:
आधी तारखांचं बघू, कारण बाकीचं सगळं त्यावर ठरतं. नाताळ ते नववर्ष हा डिस्ने वर्ल्डचा वर्षातला सगळ्यात गर्दीचा आठवडा. तिकिटंही तेव्हाच सगळ्यात महाग. त्यातल्या मॅजिक किंग्डम या पार्कचं एका दिवसाचं तिकीट त्या आठवड्यात माणशी २०० डॉलरच्या आसपास जातं. सुट्टी २० तारखेला लागतेय ना? मग २० ला संध्याकाळी पोचा आणि २४ ला दुपारी निघा. गर्दी तेव्हाही असेल, पण २६ नंतरच्या मानाने बरीच सुसह्य.

दुसरं, चार दिवसांत चार पार्क हा बेत सोडा. ७१ वर्षांच्या माणसाला सलग चार दिवस रोज दहा-बारा किलोमीटर चालणं आणि मध्ये मध्ये उभं राहणं झेपत नाही, तिसऱ्या दिवशी सगळ्यांचाच उत्साह संपतो. तीन दिवसांचं तिकीट घ्या. ते सुरू होण्याच्या तारखेपासून पाच दिवसांत कधीही वापरता येतं, म्हणजे मध्ये एक दिवस विश्रांतीला मोकळा ठेवता येतो. तीन वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, ३ ते ९ ला मुलांचं, १० पासून मोठ्यांचं. तुमची मुलगी मुलांच्या तिकिटात बसते, पण त्याची किंमत मोठ्यांच्या तिकिटापेक्षा फार कमी नसते, हे हिशोबात धरा.

तुमच्या मंडळींसाठी पार्कांचा क्रम: मॅजिक किंग्डम, ॲनिमल किंग्डम, एपकॉट. हॉलिवूड स्टुडिओज वगळा. तिथे लहान मुलीला चालणाऱ्या राइड थोड्या आणि आई-बाबांना निवांत बसायच्या जागाही थोड्या.

मॅजिक किंग्डमची एक खुबी सांगतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून साधारण २१-२२ डिसेंबरपर्यंत ठरावीक रात्री तिथे वेगळ्या तिकिटाची नाताळ पार्टी असते, संध्याकाळी ७ ते मध्यरात्र. त्या दिवशी साध्या तिकिटाच्या लोकांसाठी पार्क ६ वाजता बंद होतं. रात्रीचं आतषबाजीचं दृश्य बघता येत नाही म्हणून बरेच लोक तो दिवस टाळतात, आणि त्यामुळे दिवसा रांगा आखूड असतात. चार वर्षांची मुलगी आणि सत्तरीतले आजोबा यांना ६ वाजता बाहेर पडणं सोयीचंच आहे. पार्टीच्या तारखा आधीच जाहीर होतात, त्या बघून मॅजिक किंग्डमचा दिवस ठरवा.

अटलांटाची आत्या:
राहण्याबद्दल लिहिते. पाच माणसं म्हटल्यावर साध्या हॉटेलच्या खोलीत जमत नाही, कारण डिस्नेच्या स्वस्त गटातल्या खोल्या चार जणांच्याच असतात. आर्ट ऑफ ॲनिमेशन या हॉटेलातले फॅमिली स्वीट सहा जणांचे आहेत. दोन न्हाणीघरं, मायक्रोवेव्ह, छोटा फ्रिज, कॉफीचं यंत्र. सासू-सासरे किंवा आई-बाबा सोबत असताना दुसऱ्या न्हाणीघराची किंमत सकाळी सातला कळते! बुक करताना 'लिटल मर्मेड' विभाग निवडू नका, त्या साध्या चार जणांच्या खोल्या आहेत.

या हॉटेलचे आणखी दोन फायदे. एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओजला जायला स्कायलायनर हा हवेतून जाणाऱ्या पाळण्यांचा दोरमार्ग आहे. कॅरिबियन बीच स्थानकावर बदलायचं, आणि एपकॉटला तो मागच्या दाराशी, फ्रान्स आणि ब्रिटन या दालनांच्या मधोमध सोडतो. आकाशात विजा असल्या की तो बंद ठेवतात, तेव्हा बस. दुसरा फायदा मॅजिक किंग्डमचा. हॉटेलची बस थेट पार्कच्या दाराशी नेते. स्वतःची गाडी नेली तर ती सरोवरापलीकडच्या मोठ्या वाहनतळावर लावावी लागते. तिथून ट्राम, मग मोनोरेल किंवा फेरी. गाडी लावल्यापासून आत पाऊल टाकेपर्यंत गर्दीच्या दिवशी पाऊण तास सहज जातो, आणि रात्री परतताना त्याहून जास्त. उबर केली तरी तुम्हाला त्याच वाहनतळाशी सोडतात. जवळच्या काँटेम्पररी हॉटेलपर्यंत गाडी न्यायची आणि तिथून दहा मिनिटं चालायचं, असा सल्ला इंटरनेटवर सापडेल. सुट्टीच्या दिवसांत खोलीचं किंवा जेवणाचं बुकिंग नसेल तर तिथले सुरक्षारक्षक गाडी परत पाठवतात, तेव्हा त्या भरवशावर राहू नका.

लाइटनिंग लेन: मॅजिक किंग्डमच्या दिवसासाठी घ्याच. जुलै २०२४ पासूनची पद्धत अशी. मल्टी पासमध्ये आधी तीन राइड निवडायच्या, एकाच पार्कातल्या. एक वापरली की पुढची एक घेता येते, असं दिवसभर. एक राइड दिवसातून एकदाच. सगळ्यात मागणीच्या एक-दोन राइड यात नसतात, त्यांना वेगळा सिंगल पास. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना पोचण्याच्या सात दिवस आधी सकाळी ७ वाजता सगळ्या मुक्कामाचं एकदम निवडता येतं. बाहेर राहणाऱ्यांना प्रत्येक दिवसासाठी तीन दिवस आधी. तुम्ही २० ला पोचणार असाल तर १३ डिसेंबरला सकाळी ७ ला फोन हातात हवा.

इथे बहुतेकांचं काय चुकतं तर तिकिटं डिस्नेच्या ॲपमधल्या खात्याला जोडलेली नसतात, किंवा आई-बाबांची नावं कुटुंबाच्या यादीत नसतात, आणि सातला पास घेता येत नाहीत. आई-बाबांना स्वतंत्र ईमेल लागत नाही, तुमच्या खात्यातच त्यांना जोडा. हे काम १२ तारखेच्या आत संपवा, कार्डही भरून ठेवा.

मॅजिक किंग्डममध्ये पीटर पॅनची राइड पहिली घ्या. तिथली रांग सरकत नाही, कारण एका जहाजात दोन-तीनच माणसं बसतात. उलट इट्स अ स्मॉल वर्ल्ड आणि हाँटेड मॅन्शनमध्ये तासाभरात खूप जास्त माणसं बसतात, लांब दिसणारी रांगही भराभर पुढे जाते, तिथे पास वाया घालवू नका. सेव्हन ड्वार्फ्सला किमान उंची ९७ सें.मी. लागते, ती मुलीला चालेल. टियाना १०२, तीही चालेल. स्पेस माउंटन ११२ आणि ट्रॉन १२२, या नाहीत. एपकॉटची कॉस्मिक रिवाइंड १०७, तीन सेंटिमीटरसाठी जाईल, तेव्हा तिला आधी आशा दाखवू नका. अशा राइडला 'रायडर स्विच' मागा. दाराशीच कर्मचाऱ्याला सांगायचं. एक पालक रांगेतून जाऊन येतो तोवर दुसरा मुलीजवळ थांबतो, मग दुसऱ्याला लाइटनिंगच्या दाराने सोडतात.

ॲनिमल किंग्डमला पास न घेताही निभतं. डिस्नेच्या हॉटेलवाल्यांना प्रत्येक पार्कात रोज अर्धा तास लवकर प्रवेश असतो, तो कधीही चुकवू नका. पहिल्या दीड तासात जेवढं होतं तेवढं दुपारी चार तासांत होत नाही.

टाम्पाकर:
आत्यांशी एका बाबतीत मतभेद आहे. आई-बाबांना रोज घरचं जेवण हवं असेल तर डिस्नेजवळच्या किसिमी गावात स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घेणं जास्त सोयीचं. लवकर प्रवेश जातो, हे खरं. मार्ग १९२ आणि आय-४ वर सुट्टीत गाड्या तुंबतात, पार्किंगचे पैसे दिवसाला वेगळे. तरीही वरणभात-पोळीशिवाय ज्यांचं पोट बिघडतं त्यांचा दुसरा दिवसच वाया जातो.

शाकाहारी प्रवासी:
जेवणासाठी घर घ्यायची गरज पडेल असं वाटत नाही, कारण खाण्याचे पदार्थ पार्कात नेता येतात. काचेची भांडी आणि सुटा बर्फ चालत नाही, दारू नाही, बाकी दशम्या, धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या, चिवडा सगळं चालतं. सुरक्षा तपासणीत डबे उघडून दाखवावे लागतात, म्हणून ते पिशवीत सगळ्यात वर ठेवा. पाणी विकत घेऊ नका. पेयांचं यंत्र असलेल्या कुठल्याही काउंटरवर बर्फाचं पाणी फुकट मिळतं, बाबांना गार चालत नसेल तर 'बर्फ नको' म्हणा.

आतल्या खाण्यात मेनूवर पानाची खूण असलेले पदार्थ पूर्ण वनस्पतिजन्य असतात, म्हणजे अंड्याचा प्रश्न आपोआप सुटतो. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हटलं तर पास्ता, बन, केक यांत अंडं असू शकतं. टेबलाशी वाढणाऱ्या हॉटेलांत बुकिंग करताना अंड्याचं आणि मांसाहाराचं लिहा, आणि बसल्यावर शेफला बोलवायला सांगा. शेफ येऊन बोलतात, ही तिथली नेहमीची पद्धत आहे, संकोच करू नये.

ॲनिमल किंग्डम लॉज या डिस्नेच्या हॉटेलातल्या 'सना' उपाहारगृहात आई-बाबांना जरूर न्या. तिथली ब्रेड सर्व्हिस म्हणजे नान, कुलचा असे पाच प्रकार आणि नऊ चटण्या-तोंडीलावणी. नानमध्ये अंडं आहे का ते विचारून घ्या. खिडक्यांबाहेर जिराफ आणि झेब्रे चरताना दिसतात, म्हणून दिवसाउजेडी जा, डिसेंबरात साडेपाचला सूर्य मावळतो. बुकिंग ६० दिवस आधी उघडतं, आणि डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना पोचण्याच्या तारखेपासून मोजून पूर्ण मुक्कामाचं एकदम करता येतं. २० डिसेंबरला पोचणार तर २१ ऑक्टोबर.

कपड्यांचं: दिवसा २२-२३ अंश, पहाटे ११-१२, आणि उत्तरेकडून थंडीची लाट आली तर पाच अंशांपर्यंत खाली. फेरीवर वारा बोचतो. एक जाड कोट घेण्यापेक्षा स्वेटर, पातळ जाकीट आणि कानटोपी असे थर बरे.

अटलांटाची आत्या:
गुडघ्यांबद्दल कुणी लिहिलं नाही, आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा वाटतो. डिस्नेची डीएएस ही सवलत (रांगेत थांबणं न जमणाऱ्या अपंगांसाठीची) गुडघेदुखीला मिळत नाही. २०२४ पासून ती मुख्यतः ऑटिझमसारख्या विकासात्मक अडचणी असणाऱ्यांसाठी आहे. उभं राहता येत नसेल तर व्हीलचेअरने जा, असंच ते सांगतात, आणि जवळजवळ सगळ्या रांगा व्हीलचेअर जाईल इतक्या रुंद आहेत. रांग तेवढीच लागेल, पण आई बसून असतील.

पार्कातल्या व्हीलचेअर आणि विजेवर चालणाऱ्या गाड्या आधी राखून ठेवता येत नाहीत, सुट्टीत विजेच्या गाड्या सकाळीच संपतात, आणि त्या दाराबाहेर नेता येत नाहीत. म्हणजे बसथांबा ते दार आणि परतीचं अंतर आईंना चालावंच लागतं. म्हणून हॉटेलवर आणून देणाऱ्या बाहेरच्या भाड्याच्या दुकानातून पूर्ण मुक्कामासाठी साधी व्हीलचेअर घ्या. विजेची गाडी पहिल्यांदाच गर्दीत चालवायला अवघड जाते, घोटे ठोकले जातात. ढकलायला तुम्ही दोघं आहातच. मात्र मुलीची बाबागाडीही घ्यायची, म्हणजे दोघांचेही हात अडकले, तेव्हा पाठीवरच्या पिशव्या कमीत कमी ठेवा. बाबागाडी ७९ बाय १३२ सें.मी.पेक्षा मोठी चालत नाही.

बाबांसाठीही दुपारी बसायच्या जागा ठरवून ठेवा. मॅजिक किंग्डमला कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस हा बसून बघायचा खेळ: सुमारे वीस मिनिटं, खुर्च्या, थंडगार. मिकीज फिल्हारमॅजिकही तसंच. पीपलमूव्हर ही राइड मात्र आईंना नको, त्यात सरकत्या पट्ट्यावरून चढावं लागतं. ॲनिमल किंग्डमची सफारी सकाळी पहिली करा, प्राणी तेव्हा हिंडतात, पण ट्रक चांगलाच हिसकतो, पाठीचा त्रास असेल तर विचार करा. सफारीनंतर महाराजा जंगल ट्रेक सावलीतून आहे, तिथे वाघ आहेत.

प्रत्येक पार्कात प्रथमोपचार केंद्र असतं, विनामूल्य. बाबांचं इन्सुलिन असेल तर तिथे फ्रिजमध्ये ठेवतात.

शार्लटकर:
खूप आभार. तारखा २० ते २४ करतोय, आर्ट ऑफ ॲनिमेशनचा स्वीट बघतो. एकच शंका: पार्टीच्या दिवशी चार वाजल्यापासून पार्टीवाले आत येतात असं वाचलं. मग दुपारनंतर आम्हाला राइडला अडवतात का?

टाम्पाकर:
चार ते सहा दोन्ही प्रकारचे लोक आत असतात, तुम्हाला अडवत नाहीत. गर्दी मात्र वाढते. सहा वाजता राइडच्या दाराशी मनगटावरची पार्टीची पट्टी बघतात, ती नसेल तर बाहेर. म्हणून लाइटनिंग लेनच्या वेळा साडेचारच्या आत बसवा, आणि बाहेर पडायला सहा वाजायची वाट बघू नका. बरोबर सहाला सगळेच निघतात आणि हॉटेलच्या बसथांब्यावर रांग लागते. सव्वापाचला निघालात तर व्हीलचेअरसाठीचा उतरता फळा (रॅम्प) खाली सोडायला चालकाला वेळ मिळेल, त्याला थांब्यावरूनच हात करा, व्हीलचेअरवाल्यांना तो आधी घेतो.