गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला रोबोट हवाच कशाला?

मुक्ता_क: मामीला गर्भाशयमुखाचा कॅन्सर निघालाय, पहिल्या स्टेजचा. सर्जन म्हणतात रोबोटने करू, चार-पाच भोकं, लगेच घरी. खर्चाचं एक वेळ सोडा. २०१८ साली 'लॅक' चाचणीचे निकाल आले. ६३१ बायका, निम्म्यांचं ऑपरेशन पोट उघडून, निम्म्यांचं दुर्बिणीने किंवा रोबोटने. साडेचार वर्षांनी आजार न उलटलेल्या बायका: पोट उघडलेल्यांत ९६.५ टक्के, दुसऱ्या गटात ८६. हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही!

टाकेवाला: पेपर नीट वाचा. त्या दुसऱ्या गटात रोबोटच्या केसेस जेमतेम १६ टक्के, बाकी साधी लॅप्रोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीची. मला विचाराल तर गोम पद्धतीत आहे. गर्भाशय हलवायला खालून मॅनिप्युलेटर घालतात, तो थेट गाठीवरच दाबला जातो. मग गॅस भरलेल्या पोटातच योनी कापतात. पेशी सांडणार नाहीत तर काय! मॅनिप्युलेटर टाळा, कापण्याआधी योनीचं तोंड खालून शिवून घ्या. रोबोट विरुद्ध उघडं ऑपरेशन हेच तपासायला स्वीडनच्या पुढाकाराने 'रॅक' चाचणी सुरू झाली. शिवाय रक्त कमी जातं, बाई लवकर हिंडू-फिरू लागते, हे काहीच नाही का?

मुक्ता_क: 'मला विचाराल तर'वर मामीला टेबलावर झोपवायचं? नवं तंत्र निदान जुन्याइतकं चांगलं आहे, हे दाखवायची जबाबदारी ते आणणाऱ्याची. अमेरिकेच्या एफडीएनेही (औषधं-उपकरणांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०१९च्या फेब्रुवारीत याबद्दल सावध केलंय. चाचणी चालू आहे ना, मग चाचणीतच करा, आणि संमतीपत्रावर हे आकडे मराठीत छापा.

बार्शीकर: तुमचं भांडण लवकर सापडलेल्यांचं. आमच्याकडे बाई अंगावर काढते आणि तिसऱ्या स्टेजला येते. तिथे रोबोट नको आणि सुरीही नको. रेडिएशन, जोडीला सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध, मग ब्रॅकीथेरपी, म्हणजे आतून दिलेलं रेडिएशन. उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातल्या अभ्यासात एकदाच केलेल्या एचपीव्ही (हा कॅन्सर घडवणारा विषाणू) तपासणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले, २००९ सालीच छापून आलंय. कोट्यवधींच्या यंत्राला पैसे निघतात, या तपासणीला निघत नाहीत.

टाकेवाला: बार्शीकर, खरंय, पण त्याचा वेगळा धागा काढा. मुक्ताताई, गाठ केवढी आहे? दोन सेंटिमीटरच्या आत असेल तर 'शेप' चाचणीनुसार निवडक केसेसमध्ये आजूबाजूचा भाग न काढता नुसतं गर्भाशय काढणंही पुरतं.

मुक्ता_क: एमआरआयमध्ये साडेतीन.

टाकेवाला: मग पोट उघडूनच करा. मीही तेच केलं असतं. पण रोबोटवर सरसकट फुली मारायला माझा विरोध कायम.