आमदार पर्यावरणाच्या बाजूने की विरोधात, हे कुठे बघायचं? (ठाणे-नवी मुंबई)

नेरुळची_पाणथळ
सोसायटीच्या ग्रुपवर फ्लेमिंगो, खारफुटी, पारसिकचा डोंगर यावरून वाद पेटतो आणि "आमदार काय करतात?" इथे येऊन अडतो. अमेरिकेत लीग ऑफ कॉन्झर्वेशन व्होटर्स ही संस्था पर्यावरणविषयक मतदान बघून संसदेतल्या प्रत्येक सदस्याला गुण देते. तिथल्या काही राज्यांत आमदारांचंही असं प्रगतिपुस्तक निघतं. आपल्याकडे मतांच्या नोंदी कुठे मिळतील?

गॅलरीतून
मतांच्या मागे लागू नका. विधेयकं बहुतेक आवाजी मतदानाने मंजूर होतात, कोण 'होय' म्हणालं याची नोंदच नाही. मतविभागणी, म्हणजे नावानिशी मतं नोंदवणं, क्वचित होते, आणि झाली तरी व्हीप असतो. १९८५ च्या पक्षांतरबंदीपासून पक्षादेश मोडणं म्हणजे आमदारकी पणाला लावणं. त्या मतावरून पक्ष कळेल, माणूस नाही.
प्रश्न आणि लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना) बघा. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर तारांकित (सभागृहात तोंडी उत्तर मिळणाऱ्या) प्रश्नांच्या याद्या आणि कार्यवाही असते.

माजिवडा_नाका
प्रजा फाउंडेशन काढतं ना प्रगतिपुस्तक?

गॅलरीतून
ते मुंबईतल्या आमदारांचं. मुलुंड चेकनाक्याच्या अलीकडे आपण वाऱ्यावर.

कळव्याचा_काका
नुसते प्रश्न मोजलेत तर फसाल. एकेका प्रश्नावर ढीगभर नावं चिकटवलेली असतात. उत्तरंही ठरलेली: "हे खरे आहे काय?" "अंशतः खरे आहे." "विलंबाची कारणे काय?" "प्रश्न उद्भवत नाही." खरा कस त्यापुढे लागतो. सभागृहात उभं राहून उपप्रश्न कोणी विचारला, मंत्र्याकडून आश्वासन कोणी वदवून घेतलं, हे कार्यवाहीत सापडतं. दिलेल्या आश्वासनाचं पुढे काय झालं हे बघायला आश्वासन समिती असते, तिचे अहवालही चाळा.
आणि मंत्री प्रश्न विचारत नाहीत. डिसेंबर २०२४ च्या मंत्रिमंडळात कोपरी-पाचपाखाडी, ओवळा-माजिवडा, ऐरोली या तिन्ही मतदारसंघांचे आमदार आले, वनखातं तर ऐरोलीच्या आमदारांकडेच. त्यांना काय शून्य देणार? त्यांचा हिशोब खात्याच्या निर्णयांवरून मांडा.

नेरुळची_पाणथळ
बापरे. मग सुरुवात कुठून करू?

गॅलरीतून
एकच विषय धरा. ठाणे खाडी घ्या, २०२२ मध्ये रामसर यादीत (जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत) आली. कांदळवन, पाणथळ, खाडी, भराव हे शब्द याद्यांमध्ये शोधा. दुसरं, २०२१ ची शहरी झाडांच्या कायद्यातली दुरुस्ती, ५० वर्षांवरच्या झाडांना वेगळा दर्जा देणारी. त्या चर्चेत ठाणे जिल्ह्यातलं कोण बोललं आणि काय बोललं, एवढं काढलंत तरी ग्रुपवर बोलायला ठोस काहीतरी असेल.

नेरुळची_पाणथळ
करते. पण वाचायला जोडीला कुणीतरी हवं.

माजिवडा_नाका
झाडांची चर्चा मी वाचतो. खाडी तुमच्याकडे.