मदत हवी आहे: वारुळाजवळच्या या छत्र्या (अळंबी) खायच्या सात्याच आहेत का?

नमस्कार मंडळी, मी नागपूरचा, हिंगणा रोडला राहतो. परवाच्या झडीनंतर कंपाउंडच्या कोपऱ्यात, वारुळापासून दोन हातांवर, पांढऱ्या छत्र्या उगवल्या. आई म्हणते, "सात्या आहेत, भाजी करते." टोपली मी लपवून ठेवली आहे!

सात्या म्हणजे टर्मिटोमायसिस. वाळवी वारुळात या बुरशीची चक्क शेती करते, ही जोडी साधारण ३ कोटी वर्षं जुनी. त्यामुळे सात्याचा देठ मुळासारखा लांब खाली वाळवीच्या घरापर्यंत जातो. माझ्याकडचा देठ बोटभर मातीतच संपला, वर त्याला वर-खाली सरकणारी कडी आहे. टोपी रात्रभर काचेवर उपडी ठेवली. सकाळी खाली हिरवट भुकटी, म्हणजे तिचे बीजाणू. सात्याची गुलाबीसर पडते ना?

म्हणून मला क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस या हिरवट भुकटीच्या विषारी छत्रीचा संशय येतोय. ती पोटात गेली की उलट्या-जुलाबांनी माणूस आडवा. दिसायला सारख्या, पण दोघींची कुळं वेगळी.

जून झालेल्या सात्याची भुकटी हिरवट दिसू शकते का? नागपुरात कुणाकडे मायक्रोस्कोप असेल तर नमुना घेऊन येतो. जरा लवकर सांगा, आईने मसाला वाटायला घेतलाय.