मदत हवी आहे: काळं फार्दिंग मूळचंच काळं की मळलेलं?

नाणेसंग्राहक मंडळी, १८९९ चं व्हिक्टोरिया राणीचं ब्रिटिश फार्दिंग हाती आलंय, पार काळपट. फार्दिंग म्हणजे जुन्या काळची पाव पेनी, तेव्हा पौंडाला ९६० येत. १८९७ ते १९१७ दरम्यान टांकसाळीतच ही ब्राँझची नाणी मुद्दाम काळी करत, कारण नवं चकचकीत फार्दिंग अर्धा सॉव्हरिन या सोन्याच्या ब्रिटिश नाण्यासारखं दिसे, आकारही जवळपास तोच. हा रंग मूळचा असेल आणि घासण्यात गेला, तर केवढं नुकसान! घरचे चिंच घेऊन तयार आहेत, मी अडवून धरलंय. टांकसाळीतला काळा थर आणि नंतर बसलेला मळ यांतला फरक कसा ओळखायचा? नुसत्या डिस्टिल्ड पाण्यात ठेवलं तर थराला धोका आहे का? त्याच काळातलं फार्दिंग कुणाकडे असेल तर कृपया दोन्ही बाजूंचे फोटो टाका.