काळ्या मातीत ख्रिस्ती कबर: दिशा आणि खोदकाम

प्रश्न: शेजारी ख्रिस्ती घरी मयत झाली. कबर खणायला आम्ही गावकरी जाणार. डोकं कोणत्या दिशेला? दहन चालतं का?

– जुनी रीत अशी: डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला. ख्रिस्त पूर्वेकडून येईल तेव्हा मृत त्याच्याकडे तोंड करून उठतील, ही आशा. तरी घरच्यांना विचाराच.

– पावसात काळ्या मातीच्या कडा ढासळतात. उपसलेली माती काठापासून तीन फूट लांब टाका, फळ्यांचा आधार द्या. पेटी उतरवण्याआधी पाणी उपसा. वर उंचवटा ठेवा, माती बसतेच. पक्का क्रूस पावसाळ्यानंतर. आधी लावला तर कलतो.

– कॅथलिकांना १९६३ पासून दहनाची मुभा आहे. पण राख विखुरायची नाही, पवित्र जागीच ठेवायची. नुसता आत्मा नव्हे, शरीरही उठणार, म्हणून देहाचा एवढा मान.