'ते लोक आंघोळच करत नसत' : आंघोळ म्हणजे नक्की काय?

शंका : 'सतराव्या शतकातले युरोपीय लोक आंघोळच करत नसत' असं वाक्य मराठीत सर्रास वाचायला मिळतं. इथे 'आंघोळ' हा शब्द चपखल आहे का? आणि न्हाणं, स्नान, आंघोळ यांत नेमका फरक काय?

— आधी फरक. न्हाणं आणि स्नान मुळात एकच : संस्कृत स्नान, प्राकृत ण्हाण, मराठी न्हाण. पुढे वाटा फुटल्या. 'ती आज न्हायली' म्हणजे डोक्यावरून पाणी घेतलं, केस धुतले. 'ती आंघोळ करून आली' यात केस कोरडे असायला हरकत नाही. स्नानाला पोथीचा वास आहे. 'थांबा, माझं स्नान चाललंय' असं आतून कोणी ओरडलं तर ते थट्टेनेच. सर्वांत मजेदार शब्द 'पारोसा'. तो 'मळका'चा समानार्थी नाही. अंग लख्ख असेना का, आजची आंघोळ व्हायची असेल तर माणूस पारोसाच. या शब्दात हिशेब मळाचा नाही, दिवसाचा आहे. आंघोळीमागे आपण हे गृहीत धरतो : रोज, अंगावरून वाहतं पाणी, आणि चोळणं.

यातलं बरंचसं त्या युरोपीय माणसाच्या डोक्यातही नव्हतं. मध्ययुगात तिथे सार्वजनिक स्नानगृहं होती. सोळाव्या शतकात रोगांच्या धास्तीने त्यांतली बरीच बंद पडली. गरम पाण्याने त्वचेची रंध्रं उघडतात आणि त्यातून रोग आत शिरतो, असं वैद्यच सांगू लागले. मग ऐपतदार माणूस हात-तोंड धुवायचा आणि आतला तागाचा सदरा बदलायचा. मळ कापड शोषून घेतं अशी समजूत. गळ्याशी, मनगटाशी दिसणारी पांढरीशुभ्र किनार हाच स्वच्छतेचा पुरावा. म्हणून 'ते अंगभर पाणी क्वचितच घेत' असं लिहावं. 'आंघोळ करत नसत' म्हटलं की वाचक 'स्वच्छतेची फिकीरच नव्हती' असं ऐकतो, आणि ते खोटं आहे.

— म्हणजे ते स्वच्छ होते असं म्हणायचंय का? उवा, पिसवा, घामाचा वास, ते सगळं कुठे गेलं?

— कुठेही गेलं नाही, होतंच. मुद्दा एवढाच की त्यांनाही मळ नकोच होता, तो काढायचा उपाय निराळा होता. शब्द उलटीकडूनही फसवतो. 'रोमन लोक रोज आंघोळ करत' हे वाचून आपण साबण डोळ्यांपुढे आणतो. प्रत्यक्षात ते अंगाला तेल लावत आणि वाकड्या धातूच्या पात्याने तेल, घाम, धूळ एकत्र खरवडून काढत. मग ऊन आणि गार पाण्याच्या हौदांत शिरत, शेकडो जणांबरोबर. त्याला मी तरी 'डुंबणं' म्हणेन. साबणाबद्दल पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनी लिहितो की ती गॉल (आजच्या फ्रान्सकडच्या) लोकांची युक्ती, चरबी आणि राखेची; पण ती केसांसाठी.

— जपानचं काय? एकाच टबातल्या पाण्यात सगळं घर उतरतं म्हणे.

— उतरतं, पण आधी टबाबाहेर बसून, साबण लावून, खळखळून धुतल्यावर. मराठीत आंघोळ म्हणतो ती बाहेरच उरकलेली असते. टब फक्त उबेत बसण्यासाठी. साबणाचा फेस घेऊन कोणी त्यात शिरला तर तिथे त्यालाच घाणेरडा म्हणतील. दोन्हींना 'आंघोळ' म्हटलं की एकाच्या पाण्यात दुसरा शिरतो असं चित्र उभं राहतं आणि आपल्याला शिसारी येते.

उत्तर युरोपातल्या व्हायकिंग दर्यावर्दींविषयी तर दोन साक्षी एकमेकींच्या विरुद्ध आहेत. 922 मध्ये आजच्या रशियातल्या व्होल्गा नदीकाठी गेलेला अरब प्रवासी इब्न फदलान रूस लोकांना, म्हणजे त्यांच्याच भाऊबंदांना, घाणेरडे म्हणतो : सकाळी एकच परात फिरते, तिच्यात एकाने तोंड धुवायचं, केस विंचरायचे, नाक शिंकरायचं, मग तेच पाणी शेजाऱ्यापुढे. उलट तेराव्या शतकातला एक इंग्रज बखरकार कुरकुरतो की डेन लोक, म्हणजे डेन्मार्ककडचे व्हायकिंग, रोज केस विंचरत, दर शनिवारी न्हात आणि इंग्रज बायकांना भुरळ घालत! शनिवारचं तिकडचं जुनं नाव 'लाउगरदाग्र', सरळ मराठीत 'न्हाणवार'. नमाजाआधी वाहत्या पाण्याने वुजू करणाऱ्या, म्हणजे हात-तोंड-पाय धुणाऱ्या, इब्न फदलानला ती परात किळसवाणी वाटली, तर आठवड्याचं न्हाणंही इंग्रज बखरकाराला नखरा वाटलं.

जाता जाता : 'शाम्पू' हा चांपणे-चंपीच्याच कुळातला. पाटण्याचे शेख दीन मुहंमद यांनी एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातल्या ब्रायटनला बाष्पस्नान आणि मालिशचं दुकान थाटलं, तेव्हा 'शाम्पू' म्हणजे अंग रगडणंच होतं. केस धुण्याचा अर्थ नंतर चिकटला. तेव्हा 'शाम्पूने न्हायले' या वाक्यातले दोन्ही शब्द इकडचेच.